वाचक विचारतात : फायब्रिनोजेन चढलं की उतरलं?

सूज (दाह) आणि रक्त गोठवणारी प्रथिनं, विशेषतः गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते फायब्रिनोजेन, या विषयावर आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रं फार्मसी, वैद्यकीय आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून आली आहेत. सारखे प्रश्न एकात मिसळले आहेत.

प्रश्न : रॅटला ५ मिग्रॅ प्रति किलो एलपीएस पोटात टोचलं. ६ तासांनी काढलेल्या रक्तात फायब्रिनोजेन सलाइन दिलेल्या गटापेक्षा कमी निघालं. दुसऱ्या तुकडीत २४ तासांनी रक्त काढलं, तर जवळजवळ दुप्पट. पुस्तकात तर 'दाहात फायब्रिनोजेन वाढतं' एवढंच आहे. आमचं कुठे चुकलं? (एम. फार्म.ची विद्यार्थिनी, नाशिक)

चुकलेलं नाही. दोन्ही आकडे बरोबर असण्याची शक्यता दाट आहे. रक्तातलं फायब्रिनोजेन म्हणजे जमाखर्चानंतरची शिल्लक. दाहात जमा आणि खर्च दोन्ही वाढतात, पण एकाच वेळी नाही.

खर्च आधी सुरू होतो. एलपीएस, म्हणजेच एंडोटॉक्सिन, हा ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या बाह्य आवरणातला घटक. तो मॅक्रोफेज आणि मोनोसाइट पेशींवरच्या टीएलआर-४ ग्राहकाला भिडला की तास-दीड तासात रक्तात टीएनएफ चढतं, त्यामागोमाग आयएल-६. दोन्ही दाहाचे संदेशवाहक. त्याच सुमारास मोनोसाइटच्या पृष्ठभागावर गोठण सुरू करणारा टिश्यू फॅक्टर दिसू लागतो. तो रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी सातव्या घटकाला धरतो, दहावा घटक जागा होतो, थ्रॉम्बिन तयार होतं आणि फायब्रिनोजेनचं फायब्रिन होऊ लागतं. सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, प्लेटलेटही त्यातच खपतात. एलपीएसचा डोस मोठा असेल तर पहिल्या काही तासांत फायब्रिनोजेन खाली येणार हे उघड आहे.

जमा उशिरा होते. आयएल-६ यकृतपेशींपर्यंत पोचतं, स्टॅट-३ या पेशीतल्या निरोप्या प्रथिनामार्फत फायब्रिनोजेनची तिन्ही जनुकं जोरात चालू होतात. पण प्रत्येक रेणूत आल्फा, बीटा आणि गॅमा या साखळ्या दोन-दोन, म्हणजे एकूण सहा. त्या बनून, जुळून, पेशीबाहेर पडून रक्तात फरक दिसायला वेळ लागतो. शिल्लक साधारण २४ ते ४८ तासांत शिखरावर जाते आणि दुपटी-तिपटीपर्यंत चढते.

म्हणून एका वेळेच्या एका आकड्यावर निष्कर्ष काढू नका. ०, २, ६, २४, ४८ आणि ७२ तास अशा वेळा ठेवा आणि प्रत्येक वेळेसाठी वेगळे प्राणी घ्या. एकाच रॅटचं पुन्हा पुन्हा रक्त काढलं तर सुईची इजा आणि रक्तस्राव हेच दाहाचं कारण ठरतं. शिवाय २५० ग्रॅमच्या रॅटमध्ये एकूण रक्त १६ मिलीच्या आसपास. जिवंत ठेवायच्या प्राण्यातून एका वेळी त्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त काढू नये.

फायब्रिनोजेनसोबत किमान तीन गोष्टी मोजा : प्लेटलेट, थ्रॉम्बिन-अँटिथ्रॉम्बिन संयुग (थ्रॉम्बिन तयार झाल्याची खूण) आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम (प्लाझ्मा गोठायला लागणारे सेकंद). फायब्रिनोजेन कमी, प्लेटलेट कमी, संयुग जास्त आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम लांबलेला, तर खर्च चालू आहे. फायब्रिनोजेन जास्त आणि बाकी सगळं ठीक, तर यकृताचा प्रतिसाद. सर्वांत फसवा तिसरा प्रकार : फायब्रिनोजेन अगदी नॉर्मल, पण प्लेटलेट उतरलेल्या आणि संयुग चढलेलं. इथे खर्च आणि जमा यांची बरोबरी झालेली असते. सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग शरीरभर भडकलेल्या, रुग्णांतही हे सर्रास दिसतं, त्यामुळे फायब्रिनोजेन नॉर्मल आलं म्हणून गुठळ्या होत नाहीत असं कुणी समजू नये.

एक जोडसूचना. एलपीएसचा सीरोटाइप (जिवाणूचा उपप्रकार), लॉट नंबर आणि एंडोटॉक्सिन युनिटमधली ताकद वहीत लिहून ठेवा. ओ१११:बी४ आणि ओ५५:बी५ हे दोन्ही ई. कोलायचेच, पण मिलिग्रॅमला मिलिग्रॅम त्यांची ताकद सारखी असेल असं गृहीत धरता येत नाही. द्रावण नळीच्या भिंतीला चिकटतं, म्हणून टोचण्याआधी दर वेळी मिनिटभर तरी व्होर्टेक्सवर धरा. दुसऱ्या दिवशी त्याच प्राण्याला पुन्हा एलपीएस देऊ नका. कधी प्रतिसाद बोथट होतो, तर सशात २४ तासांच्या अंतराने दिलेला दुसरा डोस मूत्रपिंडाच्या केशवाहिन्या गुठळ्यांनी भरून टाकतो. सानारेली-श्वार्ट्झमन प्रतिक्रिया म्हणतात ती हीच.

प्रश्न : क्लॉस पद्धतीने फायब्रिनोजेन मोजतो. एकाच गटातल्या माऊसचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. काही नळ्यांत बारीक तंतू दिसतात. मशीन बिघडलं आहे का? (संशोधन सहायक, पुणे)

तंतू दिसले म्हणजे रक्त नळीत येण्याआधीच गोठायला लागलं होतं. मशीनला दोष देऊ नका. तो नमुना बाद करा आणि बाद केल्याची नोंद ठेवा. त्यातलं फायब्रिनोजेन मोजलं तर ते कमी येणारच, आणि तुम्ही त्याला दाहातला खर्च समजाल.

बिघाड बहुतेक वेळा सुईच्या टोकाशी असतो. माऊसच्या शेपटीतून किंवा डोळ्यामागून थेंब-थेंब गोळा केलेलं रक्त जखमी ऊतीवरून ओघळतं आणि सोबत टिश्यू फॅक्टर घेऊन येतं. गोठण्याच्या चाचण्यांसाठी ते निरुपयोगी. पूर्ण भुलीखाली, शेवटचा नमुना म्हणून, पोट उघडून इन्फिरियर व्हेना काव्हातून घेतलेलं रक्त सर्वांत स्वच्छ मिळतं. हृदयातून घेता येतं, पण एकदाच टोचून मिळालं तरच. सुई आत-बाहेर करत शोधाशोध झाली की तो नमुना संशयास्पद.

२५ ग्रॅमच्या माऊसमध्ये रक्त सुमारे पावणेदोन मिली असतं. त्यातलं हाताला पाऊण ते एक मिली लागतं. १ मिलीच्या प्लास्टिक सिरिंजमध्ये ३.२ टक्के सोडियम सायट्रेट आधीच १०० मायक्रोलिटर भरून ठेवा आणि रक्त ९०० मायक्रोलिटर घ्या. प्रमाण एकास नऊ. रक्त ६०० मायक्रोलिटरच मिळणार असेल, तर सायट्रेट ६७ ठेवा. कमी रक्तात जास्त सायट्रेट गेलं की प्लाझ्मा पातळ होतो आणि अभिकर्मकातलं कॅल्शियमही बांधलं जातं. मग प्रोथ्रॉम्बिन टाइम खोटाच लांबतो. हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) ५५ टक्क्यांच्या वर गेलेल्या, म्हणजे शरीरातलं पाणी घटलेल्या प्राण्यात उलट सायट्रेट कमी करावं लागतं : १०० मधून हिमॅटोक्रिट वजा करा, त्याला रक्ताच्या मिलीने आणि ०.००१८५ ने गुणा, येतील तितके मिली. एलपीएस दिलेले प्राणी खाणं-पिणं सोडतात, तेव्हा हे तपासायला विसरू नका. ईडीटीए आणि हेपॅरिनच्या नळ्या या चाचणीसाठी चालत नाहीत.

दट्ट्या हळू ओढा. नळीत सोडताना सुई काढून घ्या, नाहीतर पेशी फुटतात. नळी तीन-चार वेळा अलगद उलटी-सुलटी करा, हलवून फेस आणू नका. १५०० जी वर १५ मिनिटं फिरवा. वरचा प्लाझ्मा दुसऱ्या प्लास्टिक नळीत घ्या, पांढऱ्या थराजवळचा थोडा मागे ठेवा आणि पुन्हा तेवढंच फिरवा. एकदाच फिरवलेल्या प्लाझ्मात प्लेटलेट उरतात. थंडीत गोठवल्यावर त्या फुटतात आणि त्यांच्यातला मालमसाला प्लाझ्मात मिसळतो. ५० ते १०० मायक्रोलिटरच्या वाटण्या करून उणे ८० अंशांवर ठेवा.

वितळवण्यातही गफलत होते. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सावकाश वितळवलेल्या प्लाझ्मात थंडीने साका बसतो आणि त्या साक्यात फायब्रिनोजेन, आठवा घटक आणि व्हॉन विलब्रँड घटक अडकतात. तुम्ही वरचं पाणी मोजता. ३७ अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, हलकेच उलटा, लगेच वापरा. उरलेलं परत गोठवू नका.

आता क्लॉस चाचणी. प्लाझ्मा बफरमध्ये दहापट पातळ करा. २०० मायक्रोलिटर घ्या, ३७ अंशांवर दोन-तीन मिनिटं ऊब द्या, १०० मायक्रोलिटर थ्रॉम्बिन घाला आणि गोठण्याचे सेकंद मोजा. थ्रॉम्बिन मिलीला १०० युनिटच्या आसपास, म्हणजे भरपूर असतं. त्यामुळे लागणारा वेळ फक्त फायब्रिनोजेनवर ठरतो. संदर्भ प्लाझ्मा ५, १०, २० आणि ४० पट पातळ करून दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन रेषा काढा. दाह झालेल्या प्राण्याचा नमुना रेषेच्या टोकापलीकडे, अगदी पाचेक सेकंदांत गोठला तर रेषा लांबवून आकडा वाचायचा मोह होतो. तसं करू नका. तो नमुना वीसपट पातळ करा आणि उत्तर दुप्पट करा. उलट बाजूला, फायब्रिनच्या तुटलेल्या तुकड्यांनी भरलेल्या प्लाझ्मात धागे नीट जुळत नाहीत आणि क्लॉसचा आकडा खरा असेल त्यापेक्षा कमी येतो. शंका आली तर तोच नमुना एलायझाने, म्हणजे प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणाऱ्या चाचणीने, तपासा. प्रथिन आहे पण काम करत नाही, की प्रथिनच नाही, हे तिथे कळतं.

प्रश्न : टर्पेंटाइन, एलपीएस की कॅराजीनन? कोणती पद्धत घ्यावी? (पीएच.डी.ची विद्यार्थिनी, नागपूर)

तिन्ही प्राण्यात मुद्दाम दाह घडवण्याच्या पद्धती. तुम्हाला काय विचारायचं आहे त्यावर निवड ठरते. यकृताचा प्रतिसाद तेवढा वेगळा पाहायचा असेल तर टर्पेंटाइन. त्वचेखाली टोचलं की जिवाणूविरहित गळू होतं आणि सगळा भार आयएल-१ व आयएल-६ वर येतो. माऊसमध्ये साधारण ०.१ मिली देतात. याचा पुरावा पक्का आहे. १९९४ साली आयएल-६चं जनुक काढलेल्या माऊसवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत टर्पेंटाइनला यकृताचा प्रतिसाद जवळजवळ बसला, पण एलपीएसला तो बराचसा टिकून राहिला. एलपीएसमध्ये इतर संदेशवाहकही काम भागवतात. म्हणून तुमचं औषध आयएल-६ अडवतं असा दावा असेल आणि प्रयोग फक्त एलपीएसवर केला असेल, तर परीक्षक तो पाडू शकतात.

गुठळ्या, प्लेटलेटचा खप, थ्रॉम्बिन पाहायचं असेल तर एलपीएस.

कॅराजीनन (समुद्री शेवाळातला पदार्थ), म्हणजे रॅटच्या पंजात १ टक्क्याचं ०.१ मिली, आपल्याकडच्या फार्मसी महाविद्यालयांचं आवडतं. पण ती सूज ३ ते ५ तासांत शिखरावर असते आणि तुम्ही मोजता पंजाचं आकारमान. त्या वेळी रक्तातल्या फायब्रिनोजेनला चढायला पुरेसा वेळच मिळालेला नसतो. पंजाची सूज उतरली म्हणून 'गोठण्यावरही गुण आला' असं लिहिलेले प्रबंध दिसतात. त्यात तथ्य नाही.

टर्पेंटाइन वेदनादायक आहे. संस्थेच्या प्राणी नैतिक समितीकडे अर्ज करताना वेदनाशामकाचं उत्तर तयार ठेवा. डायक्लोफेनॅक, मेलॉक्सिकॅमसारखी औषधं दाहातच ढवळाढवळ करतात, म्हणून बहुधा ब्युप्रेनॉर्फिन निवडतात. निवड कोणतीही असो, नियंत्रण गटालाही तेच औषध त्याच वेळी मिळालं पाहिजे. प्राणी नवे आणले असतील तर किमान आठवडाभर रुळू द्या. प्रवासाच्या ताणात वाढलेलं कॉर्टिकोस्टेरॉन यकृतावर आयएल-६च्या जोडीने काम करतं आणि फायब्रिनोजेनला आणखी रेटा देतं.

प्रश्न : वनस्पतीचा अर्क देतो. फक्त सलाइन दिलेल्या गटातही फायब्रिनोजेन चढलेलं दिसतं. (व्याख्याता, सांगली)

पहिला संशय एंडोटॉक्सिनवर. सलाइन, अर्क, सिरिंज धुण्याचं पाणी, सगळं तपासा. ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन मरत नाही. काचसामान २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत किमान अर्धा तास ठेवावं लागतं. सलाइन तर इंजेक्शनचंच विकत घ्या, प्रयोगशाळेतल्या डिस्टिल्ड पाण्यात मीठ कालवू नका.

तपासायची चाचणी म्हणजे एलएएल. नालखेकड्याच्या, म्हणजे हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींचा अर्क एंडोटॉक्सिनचा माग लागताच गोठतो, यावर ती चालते. जंतू दिसला की रक्त गोठवायचं ही युक्ती किती जुनी आहे त्याचा हा जिवंत दाखला. ओडिशाच्या किनाऱ्यावर हे प्राणी आजही सापडतात. वनस्पतीच्या अर्कातली बीटा-ग्लुकॅन मात्र या चाचणीला चकवतात आणि खोटा होकार येतो. तेव्हा ग्लुकॅनला न दबणारा बफर वापरा किंवा पुनर्संयोजित सी घटकाची चाचणी घ्या.

एंडोटॉक्सिन निघालं नाही, तर पिंजऱ्यातल्या मारामारीच्या जखमा बघा. एकत्र ठेवलेल्या नर माऊसमध्ये हे हमखास असतं.

प्रश्न : माणसांसाठीचे किट रॅट-माऊसला चालतात का? सीआरपी सोबत मोजावं का? (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कोल्हापूर)

सेकंद मोजणाऱ्या चाचण्या चालतात, पण संदर्भ प्लाझ्मा त्याच प्रजातीचा हवा. दहा-बारा निरोगी प्राण्यांचा प्लाझ्मा एकत्र करा, त्याला १०० टक्के माना आणि त्याच्या टक्केवारीत लिहा. माणसाच्या प्लाझ्मावर काढलेल्या रेषेवरून रॅटचं फायब्रिनोजेन ग्रॅममध्ये सांगू नका. प्रतिपिंडांवर चालणारे किट, विशेषतः डी-डायमर (विरघळलेल्या गुठळीचा तुकडा) मोजणारे, बहुधा माणसाचाच तुकडा ओळखतात. 'शून्य' आलं म्हणजे गुठळी नाही असं नाही, किट आंधळं आहे. विकत घेण्याआधी एक सोपी परीक्षा करा. रॅटच्या प्लाझ्माची गुठळी करा, ती प्लाझ्मिनने विरघळवा आणि तो द्रव दुप्पट-दुप्पट पातळ करत किटवर चालवा. आकडा पायरीपायरीने निम्मा होत गेला तर किट कामाचं.

सीआरपी हे दाहात वाढणारं यकृतातलं प्रथिन. त्याबाबत प्रजाती पाहूनच ठरवा. सशात आणि कुत्र्यात ते उत्तम खूण आहे. माऊसमध्ये नगण्य असतं, तिथे सीरम अमिलॉइड ए मोजा. रॅटमध्ये सीआरपी प्राणी निरोगी असतानाही भरपूर असतं आणि दाहात थोडंच वाढतं. रॅटसाठी आल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन घ्या. प्रौढ निरोगी रॅटमध्ये ते जवळजवळ नसतं, त्यामुळे वाढ ठसठशीत दिसते.

प्रश्न : फायब्रिनोजेन ही दाहाची नुसती खूण, की ते स्वतःही दाह वाढवतं? (एम.एस्सी., औरंगाबाद)

वाढवतं. फायब्रिन झालं की त्याच्या गॅमा साखळीतला एक छोटा भाग पांढऱ्या पेशींवरच्या मॅक-१ या ग्राहकाला चिकटतो आणि त्यांना चेतवतो. नेमका तेवढाच भाग बदललेले माऊस तयार केले गेले. त्यांचं रक्त नीट गोठतं, पण स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा निचरा त्यांना नीट जमत नाही. गोठणं आणि जंतूंशी लढणं ही या प्रथिनाची दोन कामं अशी वेगळी करून दाखवता आली. हा प्रयोग मला या विषयातला सर्वांत देखणा वाटतो.

प्रश्न : दाहात गोठण थोपवणारी प्रथिनं कमी होतात, मग ती बाहेरून दिली की काम झालं, असं का होत नाही? (एम.डी. औषधशास्त्र, मुंबई)

कमी होतात हे खरं. अँटिथ्रॉम्बिन थ्रॉम्बिनला बांधत खपतं. रक्तवाहिनीच्या अस्तरावरचं थ्रॉम्बोमोड्युलिन घटतं, त्यामुळे गोठण आवरणारं प्रोटीन सी पुरेसं जागं होत नाही. पीएआय-१ झपाट्याने वर जातं आणि झालेली गुठळी विरघळण्याची वाट बंद होते. म्हणजे गोठण वाढलेली, थोपवणारे कमी आणि साफसफाई ठप्प.

यावर ओक्लाहोमात बॅबून माकडांवर केलेला प्रयोग १९८७ साली प्रसिद्ध झाला. मारक प्रमाणात ई. कोलाय शिरेतून दिले, पण त्याबरोबरच जागृत प्रोटीन सी दिलं तर माकडं वाचली. उलट, प्रोटीन सी जागं होऊ दिलं नाही तर एरवी न मारणारा डोसही मारक ठरला. पुढे त्याचं औषध झालं. रुग्णांवरच्या पहिल्या मोठ्या चाचणीत २८ दिवसांतले मृत्यू ३०.८ वरून २४.७ टक्क्यांवर आले आणि २००१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. नंतरच्या चाचणीत औषध घेतलेल्यांत २६.४ आणि न घेतलेल्यांत २४.२ टक्के दगावले, म्हणजे फायदा शून्य. ऑक्टोबर २०११ मध्ये औषध बाजारातून मागे घेतलं गेलं.

वेळेचा फरक मला मोठा वाटतो. बॅबूनला औषध जिवाणूंबरोबर मिळालं. रुग्ण अतिदक्षता विभागात येतो तोवर गुठळ्या होऊन गेलेल्या असतात, आणि तेव्हा गोठण अडवणारं औषध रक्तस्राव वाढवतं. डोसाचाही फरक आहे. माणसाला किलोमागे २ ते ४ नॅनोग्रॅम एलपीएसने थंडी वाजून ताप भरतो, माऊसला मिलिग्रॅम लागतात. शिवाय रचनेतलेही फरक आहेत. माणसात प्रोटीन सीच्या मदतनिसाचा, म्हणजे प्रोटीन एसचा, बराचसा भाग सी४बीपी या दुसऱ्या प्रथिनाला बांधलेला असतो. माऊसमध्ये सी४बीपीच्या बीटा साखळीचं जनुकच निकामी आहे, त्यामुळे त्याचं प्रोटीन एस मोकळं फिरतं. माऊसमधला प्रोटीन एसचा निष्कर्ष जसाच्या तसा रुग्णाला लावणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

प्रश्न : आमच्याकडे कोअॅग्युलोमीटर नाही. गायीचं फायब्रिनोजेन मोजता येईल का? ईएसआर चालेल का? (पशुवैद्यक, परभणी)

ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, गायीत निरुपयोगी. तिच्या तांबड्या पेशी एकमेकींवर रचल्या जात नाहीत, त्यामुळे फायब्रिनोजेन कितीही चढलं तरी त्या खाली बसत नाहीत.

फायब्रिनोजेन मात्र सहज मोजता येतं, आणि या पद्धतीला ईडीटीएचं रक्त चालतं. हिमॅटोक्रिटच्या दोन केशनळ्या भरून फिरवा. पहिलीतला प्लाझ्मा रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवून एकूण प्रथिन वाचा. दुसरी नळी ५६ ते ५८ अंशांच्या पाण्यात तीन मिनिटं बुडवा, प्लाझ्माचा स्तंभ पूर्ण पाण्याखाली हवा. फायब्रिनोजेन साकळून पांढुरकं होतं. पुन्हा फिरवा, वरचा स्वच्छ प्लाझ्मा वाचा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे फायब्रिनोजेन. गायीत डेसिलिटरला ३०० ते ७०० मिलिग्रॅम नॉर्मल धरतात. पाणी ६० अंशांच्या वर गेलं तर इतर प्रथिनंही साकळतात आणि आकडा फुगतो, म्हणून तापमापी पाण्यातच ठेवा. पद्धत ढोबळ आहे. १०० मिलिग्रॅमच्या फरकावर भरवसा ठेवू नका.

जनावराचं पाणी कमी झालं असेल तर सगळीच प्रथिनं घट्ट होऊन चढलेली दिसतात. तेव्हा एकूण प्रथिनातून फायब्रिनोजेन वजा करा आणि उरलेल्याला फायब्रिनोजेनने भागा. उत्तर १० च्या खाली आलं तर दाह, १५ च्या वर तर बहुधा नुसती पाण्याची कमतरता.